सह्याद्रीत फिरताना जवळ बाळगायची शिट्टी कशी निवडावी

पावसाळी भटकंतीच्या सामानाच्या यादीत शिट्टी बहुधा शेवटच्या ओळीत असते आणि ती घेतलीही तशीच जाते, म्हणजे दुकानात समोर टांगलेली जी पहिली दिसेल ती. धुक्याने वेढलेल्या पठारावर चुकलेल्या किंवा घाटवाटेत पाय मुरगळून मागे राहिलेल्या माणसाजवळ मात्र आपला ठावठिकाणा कळवण्याची साधने फारशी उरलेली नसतात. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत, सांधण दरीत किंवा भीमाशंकरच्या दाट रानात मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नसते. विजेरीचा झोत धुक्यात दहा-वीस पावलांवर विरून जातो. हाका मारून घसा थोड्याच वेळात बसतो आणि माणसाच्या आरोळीतील बराचसा जोर अशा खालच्या स्वरांत असतो, जे वाऱ्याच्या घोंगावण्यात आणि ओढ्याच्या खळाळात सहज मिसळून जातात. चांगल्या शिट्टीचा सगळा जोर साधारण तीन ते चार हजार हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात एकवटलेला असतो. माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात सर्वांत तल्लख असल्यामुळे तिचा स्वर इतर आवाजांतून वेगळा उठून येतो, आणि तो काढायला ओरडण्यापेक्षा पुष्कळ कमी श्रम पडतात.

शिट्टी निवडताना ती वाजवणाऱ्याची अवस्था आधी डोळ्यांपुढे आणावी आणि वेष्टनावरचा आवाजाचा आकडा त्यानंतर पाहावा. संकटातला माणूस दमलेला, भिजलेला आणि घाबरलेला असतो. त्याची बोटे थंडीने आखडलेली असू शकतात, एक हात जायबंदी असू शकतो, बरगडीला मार लागल्यामुळे पूर्ण श्वास घेणे त्याला अशक्य झालेले असू शकते. दुकानात ताजेतवाने उभे राहून छाती भरून फुंकल्यावर कानठळ्या बसवणारी शिट्टी अशा माणसाच्या हाती मुकी ठरली, तर तिच्या मोठ्या आवाजाचा काही उपयोग नाही.

आत गोळी असलेली आणि नसलेली

शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांच्या आणि वाहतूक पोलिसांच्या गळ्यात आपण जी शिट्टी वर्षानुवर्षे पाहिली, तिच्या पोटात बुचाची किंवा प्लॅस्टिकची एक गोळी असते. फुंकर मारली की ती गोळी आत गरगर फिरते, हवेची वाट क्षणाक्षणाला अडवते व सोडते, आणि त्यातून तो ओळखीचा थरथरता आवाज निघतो. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांच्या कारखान्यातून १८८४ च्या सुमारास बाजारात आलेली ‘अ‍ॅक्मे थंडरर’ ही या जातीची सर्वांत प्रसिद्ध शिट्टी होय, आणि मैदानावर ती आजही उत्तम काम देते. अडचण रानात येते. बुचाची गोळी पाणी पिऊन फुगते. थुंकी, चिखल किंवा धूळ आत गेली की ती एका बाजूला चिकटते. उंच हिमालयात तर आत गोठलेल्या बाष्पामुळे ती जागीच अडकते. जास्त जोराने फुंकल्यास गोळी हवेच्या वाटेवरच दाबली जाऊन आवाज बंद पडण्याचाही धोका असतो, आणि घाबरलेला माणूस तर जोरानेच फुंकणार.

हाच अनुभव कॅनडातील बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांना १९८४ मध्ये ब्राझीलमधील एका सामन्यात आला. ऐन मोक्याला त्यांच्या शिट्टीतील गोळी अडकली आणि फाउल देता आला नाही. त्यानंतर त्यांनी आरेखक चक शेफर्ड यांच्यासह बिनगोळीची ‘फॉक्स ४०’ ही शिट्टी तयार केली आणि १९८७ च्या इंडियानापोलिस येथील पॅन अमेरिकन स्पर्धेत ती प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिच्यात हलणारा एकही भाग नाही. लहानमोठ्या तीन कप्प्यांतून किंचित वेगवेगळ्या पट्टीचे स्वर एकाच वेळी निघतात आणि ते परस्परांत मिसळताना स्वर कमीजास्त होत राहिल्याचा भास होतो. म्हणजे गोळीची थरथर गोळीशिवायच मिळते. अ‍ॅक्मेची ‘टॉर्नेडो’ आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बिनगोळीच्या शिट्ट्या याच तत्त्वावर चालतात.

सह्याद्रीतल्या पावसासाठी बिनगोळीचीच शिट्टी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. याला एक अपवाद सांगायला हवा. ‘स्टॉर्म’ नावाची अमेरिकी शिट्टी आत गोळी असूनही पाण्याखालीसुद्धा वाजते, कारण तिच्या कप्प्याची रचनाच आत शिरलेले पाणी फुंकरीने बाहेर ढकलून देण्यासाठी केलेली आहे. तिचा आवाज प्रचंड आहे, पण ती आकाराने बोजड आहे आणि तिला दमही अधिक लागतो. होडीवर किंवा गाडीत ठेवायला ती चांगली असली, तरी रोज गळ्यात घालून फिरायला ती घेणारे थोडेच सापडतील.

डेसिबलचा आकडा कसा वाचावा

वेष्टनावर १०० डेसिबल, ११५ डेसिबल, १२० डेसिबल असे आकडे ठळकपणे छापलेले असतात, आणि काही विक्रेते तर १५० पर्यंत मजल मारतात. हा आकडा किती अंतरावर मोजला हे सोबत दिलेले नसेल, तर त्यावरून जवळपास काहीच कळत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो आणि दसपट झाले की वीस डेसिबलने. त्यामुळे तोंडाजवळ, दहा सेंटिमीटरवर, १२० डेसिबल दाखवणारी शिट्टी एका मीटरवर १०० डेसिबलचीच भरते. उलट, एका मीटरवर खरोखर ११५ डेसिबल देणारी शिट्टी तिच्यापेक्षा कितीतरी सरस असूनही आकड्यांच्या स्पर्धेत मागे पडलेली दिसते.

हाच हिशेब पुढे नेला, तर एका मीटरवर ११५ डेसिबल असलेला आवाज शंभर मीटरवर ७५ आणि एक किलोमीटरवर ५५ डेसिबल उरतो. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात हवा स्वतः उंच स्वर शोषून घेते, तीनचार हजार हर्ट्झच्या स्वरासाठी एका किलोमीटरमागे वीसेक डेसिबल त्यातच जातात, आणि झाडी, वारा व डोंगराची सोंड यांचा वाटा त्यावर वेगळा. म्हणून ‘दोन मैलांवरून ऐकू येते’ अशा जाहिराती मनावर घेऊ नयेत. शांत हवेत आणि मोकळ्या दरीपलीकडे आवाज फार दूर जाऊ शकतो, पण कारवीच्या रानात काही शे मीटरांवर तो ऐकू आला तरी शिट्टीने आपले काम केले असे समजावे. दमट हवा उंच स्वर कोरड्या हवेपेक्षा कमी शोषते, त्यामुळे धुक्याचे दिवस शिट्टीच्या दृष्टीने वाटतात तितके वाईट नसतात. नडतो तो वारा आणि धबधब्याचा घोष.

स्वराच्या उंचीविषयीही एक खबरदारी घ्यावी. फार चिरका, पाच-सहा हजार हर्ट्झच्या पलीकडचा आवाज जवळून तीक्ष्ण वाटतो, पण दूरवर लवकर विरतो, आणि वाढत्या वयाबरोबर माणसाचे ऐकू येणे सर्वांत आधी याच उंच स्वरांचे कमी होते. वाडीतल्या ज्या वयस्क गुराख्याच्या कानावर आपली शिट्टी पडण्याची शक्यता सर्वाधिक, त्यालाच ती ऐकू आली नाही तर काय उपयोग? कुत्र्यांच्या प्रशिक्षणाच्या काही शिट्ट्यांचा स्वर तर माणसाच्या कानाच्या मर्यादेबाहेरच असतो. ऑनलाइन खरेदीत त्या चुकून मागवल्या जाऊ नयेत. एका नळीच्या बारीक अ‍ॅल्युमिनियमच्या शिट्ट्या हलक्या व देखण्या असतात, पण त्यांचा एकसुरी स्वर पक्ष्याच्या किंवा रातकिड्याच्या आवाजात लपू शकतो. दोन किंवा तीन स्वर एकत्र देणारी शिट्टी अशा वेळी अधिक ओळखू येते.

विकत घेताना आणि घेतल्यावर करायच्या चाचण्या

मुंबईत धोबीतलावाजवळच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत, किंवा इतर शहरांत गिर्यारोहणाचे साहित्य विकणाऱ्यांकडे, पंचांसाठीच्या बिनगोळीच्या शिट्ट्या मिळतात आणि त्या रानातही तितक्याच चालतात. नामांकित शिट्ट्यांच्या हुबेहूब नकला सर्रास विकल्या जातात, त्यामुळे नावापेक्षा घडण पाहावी. दोन अर्धुके जोडून केलेल्या प्लॅस्टिकच्या शिट्टीचा सांधा नखाने चाचपून बघावा. तिथे फट असेल तर हवा गळते आणि स्वर फाटतो. हवा बाहेर पडण्याच्या खाचांच्या कडा सरळ व स्वच्छ असाव्यात, कारण आवाज तयार होतो तो त्या कडेवर हवेचा झोत कापला गेल्यामुळेच, आणि तिथे प्लॅस्टिकची कुसळे राहिली असतील तर शिट्टी फुसफुसते.

फुंकून पाहताना आधी जोर लावू नये. बोलताना जेवढा श्वास सुटतो तेवढ्याच हलक्या फुंकरीने सुरुवात करावी. उपयोगी शिट्टी एवढ्यातच स्वच्छ स्वर धरते. त्यानंतर मध्यम आणि शेवटी पूर्ण जोराने फुंकावी, आणि तेव्हा स्वर फाटतो का किंवा बंद पडतो का हे पाहावे. मग जिना धावत चढून, धाप लागलेली असतानाच पुन्हा वाजवावी. ही चाचणी हास्यास्पद वाटली तरी टाळू नये, कारण धापेत अखंड तीन सेकंद स्वर धरता येतो की नाही यावरून त्या शिट्टीबद्दल कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक कळते. कुटुंबासाठी घ्यायची असेल तर घरातल्या लहान मुलाला आणि आजीआजोबांनाही वाजवायला द्यावी. एखादीला फार दम लागत असेल तर तिचा आवाज कितीही मोठा असला तरी ती परत ठेवावी.

घरी आणल्यावर ती पाण्याने भरलेल्या मगात बुडवावी, बाहेर काढून फक्त एकदा झटकावी आणि लगेच फुंकावी. पहिल्या किंवा दुसऱ्या फुंकरीला स्वर आला पाहिजे. नंतर हातात जाड मोजे घालून, डोळे मिटून, केवळ एका हाताने ती गळ्यातून ओठांपर्यंत नेता येते का आणि दातांत धरून हात मोकळे ठेवता येतात का ते बघावे. गोल, गुळगुळीत तोंडाची शिट्टी ओल्या दातांतून निसटते. म्हणून तोंडाशी खाच किंवा रबरी आवरण असलेली बरी.

शेवटची चाचणी मोकळ्या माळावर एका सोबत्यासह करावी. त्याला पाठमोरा उभा करून अंतर हळूहळू वाढवत न्यावे, एकदा वाऱ्याच्या दिशेने व एकदा वाऱ्याविरुद्ध. दोन शिट्ट्यांत निवड करायची असेल तर दोन्ही एकाच जागेवरून वाजवाव्यात आणि सोबत्याच्या कानावर विश्वास ठेवावा. मोबाइलमधील आवाज मोजणारी अ‍ॅप या कामी जवळून फसवतात, कारण फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि इतक्या मोठ्या आवाजात तो अपुरा पडतो. बंद खोलीत किंवा गाडीत पूर्ण जोराची चाचणी करू नये. शंभर डेसिबलच्या वरचा आवाज जवळून वारंवार ऐकल्याने कानाला कायमची इजा होऊ शकते, आणि त्यात पहिला धोका वाजवणाऱ्याच्याच कानांना असतो. (सोसायटीत सकाळी सहा वाजता चाचणी केल्यास इतर धोकेही संभवतात.)

धातू की प्लॅस्टिक, हा वाद फार ताणण्याचे कारण नाही. पितळेची वा पोलादाची शिट्टी टिकाऊ असते, पण हिमालयात ती ओठांना चिकटते आणि तिचे वजन अधिक असते. प्लॅस्टिकच्या चांगल्या शिट्टीला यांपैकी कोणतीच अडचण येत नाही. रंग भडक नारिंगी किंवा पिवळा घ्यावा. काळी शिट्टी पाचोळ्यात पडली की सापडत नाही. होकायंत्र, तापमापक, आगकाडीची डबी असे सर्व काही एकत्र जोडलेल्या शिट्ट्या टाळाव्यात, कारण त्यांतील होकायंत्र सहसा भरवशाचे नसते आणि शिट्टी त्याहून नसते.

ती अंगावर असली पाहिजे

बऱ्याच सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याच्या बकलातच एक चपटी शिट्टी बसवलेली असते. ती आहे हे अनेकांना ठाऊकही नसते, म्हणून आपल्या सॅकवर ती आहे का हे जरूर पाहावे, पण तिच्यावर विसंबू नये. तिचा आवाज बहुतेकदा क्षीण असतो आणि मुख्य म्हणजे ती सॅकला जोडलेली असते. माणसे वाट चुकतात किंवा घसरतात ती पुष्कळदा सॅक खाली ठेवून पाणी शोधायला, फोटो काढायला किंवा आडोशाला गेलेली असताना. म्हणून मुख्य शिट्टी गळ्यात किंवा शर्टाच्या वरच्या खिशाला बांधून ठेवावी. गळ्यातली दोरी जोराचा हिसका बसताच सुटणारी असावी. कारवीत किंवा कातळावर अडकलेल्या पक्क्या दोरीने गळ्यालाच फास बसायचा. अशी दोरी मिळाली नाही, तर जाड दोरीचा एक तुकडा बारीक दोऱ्याने जोडून ती घरीच करता येते. दोर लावून चढण्या-उतरण्याच्या टप्प्यांवर शिट्टी गळ्यातून काढून बंद खिशात ठेवावी.

वाजवण्याची रीत

शिट्टी घेतली पण खुणा ठरल्या नाहीत, तर ती नुसता गोंगाट करते. आल्प्समधून आलेली आणि जगभर मान्य असलेली रीत अशी की संकटातील माणसाने एका मिनिटात समान अंतराने सहा वेळा शिट्टी वाजवावी, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तेच करावे. ज्याला ती ऐकू आली त्याने मिनिटाला तीन या गतीने उत्तर द्यावे. अमेरिकेत मात्र लागोपाठ तीन शिट्ट्या हीच मदतीची हाक मानली जाते. आपल्याकडे दोन्ही रिती ऐकून माहीत असलेले लोक भेटतात आणि त्यामुळे घोटाळा होऊ शकतो, म्हणून ट्रेकच्या म्होरक्याने पायथ्याच्या गावातच सर्वांना एकत्र करून कोणती रीत पाळायची हे सांगावे, एकेकाकडून वाजवून घ्यावे आणि गावातून वाटाड्या घेतला असेल तर त्यालाही ते समजावून द्यावे. ओळीत सर्वांत शेवटी चालणाऱ्याकडे शिट्टी असलीच पाहिजे.

मधले थांबणे वाजवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. अखंड वाजवत राहिल्यास पलीकडून कोणी ओ दिली तरी ती ऐकू येत नाही, आणि दमही लवकर संपतो. उत्तर मिळाले म्हणून शिट्टी बंद करू नये. शोधणाऱ्यांना दिशा धरण्यासाठी ती पुन्हा पुन्हा ऐकू यावी लागते, तेव्हा माणसे समोर दिसेपर्यंत थांबून थांबून वाजवत राहावे आणि उत्तर आल्यानंतर जागा सोडू नये.

सह्याद्रीत या बाबतीत एक खास अडचण आहे. बेसॉल्टच्या उभ्या कातळभिंतींवरून आवाज परततो आणि ऐकणाऱ्याला तो समोरच्या कड्यावरून येत असल्यासारखा वाटतो. मधे आडकाठी नसेल तर सरळ आलेला आवाज आधी पोचतो व प्रतिध्वनी नंतर, त्यामुळे दिशा ठरवताना पहिल्या क्षणाकडे लक्ष द्यावे. पण नाळेच्या, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीच्या, वळणामागून येणाऱ्या शिट्टीचा केवळ प्रतिध्वनीच कानी पडू शकतो. अशा वेळी शोधणाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून ऐकून दिशा ताडून पाहावी. अडकलेल्या माणसाला सुरक्षितपणे हलता येत असेल, तर त्याने धबधब्यापासून दूर, झाडीतून बाहेर, उघड्या धारेवर किंवा पठारावर यावे. पण त्या शोधात कड्याच्या काठाजवळ मात्र अजिबात जाऊ नये. वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर वळून जमिनीलगतच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो, तर संध्याकाळी वारा पडल्यावर आणि दरीतली हवा गार झाल्यावर तोच आवाज खाली वळून दूरवर पोचतो. त्यामुळे दुपारी कोणी ओ दिली नाही म्हणून निराश न होता, सूर्यास्तानंतर आणि पहाटे पुन्हा प्रयत्न करावा. आग्या मोहोळाची पोळी असलेल्या कड्यांखाली मात्र कोणत्याही कारणाने गोंगाट न करणेच शहाणपणाचे असते.

फोनला जराशी जरी रेंज असेल, तर आधी ११२ वर कळवावे आणि मग शिट्टी हाती घ्यावी. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या बचाव पथकांना ढोबळ जागा कळली, तर शेवटच्या टप्प्यात, म्हणजे माणसे रानात शिरल्यावर, शिट्टी त्यांच्या खरोखर उपयोगी पडते.

मुलांना शिट्टी देताना एकच नियम पुरतो: हरवलास किंवा कोणी दिसेनासे झाले तर जिथे आहेस तिथेच थांबायचे आणि वाजवायची. गमतीखातर वाजवली तर खोटी हाक ठरते हे त्यांना समजावावे, मात्र घराजवळच्या मैदानावर मनसोक्त वाजवू द्यावी, म्हणजे रानातला मोह कमी होतो. अभयारण्याच्या हद्दीत मोठ्यांनीही ती विनाकारण वाजवू नये.

परत आल्यावर शिट्टी कोमट पाण्याने धुऊन, खाचा खाली करून वाळवावी. पावसाळा संपल्यावर सॅकच्या कप्प्यात पडून राहिलेल्या शिट्टीत मातीचे किंवा कीटकाचे बारीक घर झालेले आढळते, तेव्हा पुढच्या मोसमात निघण्याआधी ती उजेडासमोर धरून आरपार पाहावी आणि एकदा मगातल्या पाण्याची चाचणी पुन्हा घ्यावी. उन्हाने प्लॅस्टिक पांढुरके व ठिसूळ झाले असेल किंवा सांध्यावर तडा दिसत असेल, तर ती मुलांच्या खेळण्यांत द्यावी आणि नवी घ्यावी.